बँकॉकची भुताटकी

बँकॉकला जाऊन कोणी पडकी बिल्डिंग बघतं का? मी बघितली. तीही बाबांना घेऊन. एमबीके मॉल, रिव्हर क्रूझ, फूट मसाज (बाबा लाजले!) सगळं झालं. मग स्कायट्रेनने सफान ताक्सिनला उतरलो आणि मान वर केली.

साथोर्न युनिक. ४९ मजले, काम १९९० मध्ये सुरू, १९९७ मध्ये ठप्प. रोमन खांब, गोल बाल्कन्या, आणि बाल्कन्यांत झाडं. आत जायला बंदी. लोक याला 'घोस्ट टॉवर' म्हणतात, पण खरं भूत डॉलरचं आहे. तेव्हा २५ बाथला एक डॉलर, हे जणू ठरलेलंच. त्यामुळे फायनान्स कंपन्या स्वस्तात डॉलर उचलायच्या आणि बिल्डरला बाथमध्ये द्यायच्या. २ जुलै १९९७ ला सरकारने बाथ मोकळा सोडला. जानेवारी १९९८ मध्ये डॉलर ५६ च्या घरात! म्हणजे २५ लाखांचं कर्ज एक वीटही न लावता ५६ लाखांचं. आयएमएफ आली, सुधारणा आल्या, ५६ फायनान्स कंपन्यांना कायमचं टाळं लागलं. सिरिवत नावाचा बडा शेअर-प्रॉपर्टीवाला गळ्यात पेटी अडकवून सँडविच विकायला लागला. पुढे तो त्याच सँडविचसाठी फेमस झाला, हे वेगळं.

'पडलंय, आता घेऊन टाकू' म्हणणाऱ्यांचं काय? थाई शेअर इंडेक्स १९९४ च्या सुरुवातीला १७५० च्या आसपास होता. निम्म्यावर आल्यावर ज्यांनी घेतलं, त्यांचेही सप्टेंबर १९९८ पर्यंत रुपयाचे चार आणे उरले. तेव्हा इंडेक्स होता २०७.

जवळच स्टेट टॉवर आहे, 'हँगओव्हर २' मधला. आर्किटेक्ट तोच, पण हा २००१ मध्ये पूर्ण झाला. वर कॉकटेल पिणाऱ्यांना हे भूत फुकटात दिसतं.

बाबा मात्र खालीच उभे. "इथे लोकांनी बुकिंग केलं होतं का गं?"

"हो."

वाकडचा आमचा टू बीएचके तीन वर्षं सातव्या स्लॅबवर अडकलाय. त्यात बाबांच्या पीएफचे चार लाख आहेत. बिल्डर ओळखीतला, म्हणून तक्रार नको, हा त्यांचा हट्ट. मीही गप्प बसले होते, कारण फ्लॅट माझ्याच आग्रहाचा.

परतीच्या ट्रेनमध्ये ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "महारेराचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो ना?"