फाटलेला बूट आणि देना बँक

अमेरिकेतलं डरहॅम हे एके काळी तंबाखूचं गाव. आता इथे मोठं इस्पितळ आहे, ड्यूक विद्यापीठ आहे आणि ड्यूकचा बास्केटबॉल संघ आहे. गावाच्या लेखी क्रम मात्र उलटा. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाशी सामना असला की पोरं ऐन थंडीत आठवडेच्या आठवडे स्टेडियमबाहेर तंबू ठोकून राहतात, कारण आत 9,314 माणसंच मावतात. इथली बरीचशी मराठी मंडळी पलीकडे केरी-मॉरिसव्हिलला राहतात आणि शनिवारी क्रिकेट खेळतात. मी डरहॅममध्येच राहिलो, त्यामुळे बास्केटबॉलवर मत असणं मला सक्तीचं झालं.

ते मत बारा महिने एकाच प्रश्नावर मागितलं जातं. अमुक पोरगा पदवी अर्धवट टाकून एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेला, ते बरोबर केलं का? ड्यूकमध्ये 1999 पर्यंत असं कुणी केलंच नव्हतं. त्या वर्षी तिघं एकदम निघाले. एल्टन ब्रँड दोन वर्षं शिकून गेला आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सर्वांत आधी उचलला गेला. कोरी मॅगेटी एकाच वर्षात गेला, तेरावा लागला आणि पुढे चौदा हंगाम खेळला. विल्यम एव्हरी मॅगेटीच्या लगेच मागे, चौदावा. त्याची एनबीए तीन हंगामांत आटोपली, मग युरोपातले क्लब. इथले जुनेजाणते एव्हरीचं नाव घेऊन मान हलवतात. पण त्याच संघातला, त्याच ड्राफ्टमध्ये अकरावा गेलेला ट्राजन लँग्डन कॉलेज पूर्ण करून निघाला होता, आणि त्याचीही एनबीए तीनच हंगामांची. हे नाव त्या वेळी कुणाला आठवत नाही.

मग 20 फेब्रुवारी 2019 आला. झायन विल्यमसन, पहिल्या वर्षाचा पोरगा. सामना सुरू होऊन मिनिटही झालं नसेल, प्रेक्षकांत बराक ओबामा बसलेले, आणि झायनचा बूट उभा फाटला. पोरगा गुडघा धरून खाली. दुखापत किरकोळ निघाली. पण त्या रात्रीची तिकिटं हजारो डॉलरना विकली गेली होती, प्रशिक्षकाचा पगार काही दशलक्ष डॉलर, बुटाच्या कंपनीचा विद्यापीठाशी करार. आणि ज्याच्या जिवावर हे सारं चाललं होतं त्याला मिळत होती फी, खोली आणि जेवण. ‘शिक्षण पूर्ण कर रे बाबा’ हे सांगणाऱ्यांमध्ये त्याच्या थांबण्यावर कमावणारे किती, हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट दिसलं. झायन मार्चमध्ये परत खेळला आणि जूनमध्ये पहिल्या क्रमांकाने एनबीएत गेला. बरोबर केलं.

कायदाही एकंदरीत याच बाजूने सरकत आला आहे. पूर्वी शाळा संपल्यावर चार वर्षं लोटल्याशिवाय एनबीए कुणाला घेत नसे. स्पेन्सर हेवूड नावाच्या खेळाडूने भांडण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं, 1971 मध्ये जिंकलं, आणि मग काही वर्षं अशी गंमत होती की लवकर निघायचं तर घरची गरिबी सिद्ध करावी लागे. बोरिवलीच्या तहसीलदार कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 2005 च्या कराराने एकोणीस वर्षं वय आणि शाळेनंतर एक वर्ष, अशी अट घातली; जुन्या चार वर्षांपुढे ती थोडकीच.

खरा उलगडा झाला तो 2021 नंतर. कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिराती घ्यायची मुभा मिळाली आणि 2025 पासून विद्यापीठं थेट पैसेही देऊ लागली. मुदतीआधी ड्राफ्टला नाव देणारे 2021 मध्ये 353 होते. कोविडमुळे तो आकडा फुगलेला होता हे खरं, पण 2025 मध्ये ते 106 वर आले. पोरांना अचानक समाजशास्त्राची गोडी लागली असं काही नाही. थांबण्याचे पैसे मिळायला लागले, म्हणून पोरं थांबली.

हे सगळं मी एवढं घोळवतो आहे त्याला कारण मुंबईतल्या चारकोपहून येणारे फोन. माझा भाचा कबड्डीत रेडर आहे, टीवायबीकॉमला. प्रो कबड्डीच्या एका संघाच्या ट्रायलला त्याला बोलावलंय आणि कॉलेजने हजेरीची 75 टक्क्यांची पाटी दाखवली आहे. “मामा, तू तिकडचं सांग ना, तिकडे काय करतात?” ताई मागून ओरडते, “तिकडचं त्याला काय विचारतोस, आधी पदवी घे!”

आमचं चारकोप म्हणजे जागतिक बँकेच्या पैशातून म्हाडाने सेक्टर पाडून वसवलेली वस्ती. छोटे प्लॉट, छोट्या सोसायट्या, आणि नोकरदार माणसं. तिथे कबड्डी हा नोकरीचा रस्ता होता. आमच्या मंडळातला जो पोरगा चांगला खेळे, तो एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी कॉलेज सोडून बँकेत, रेल्वेत, एअर इंडियात किंवा आकुर्ली रोडवरच्या महिंद्रात लागे. त्याला कुणी ‘शिक्षण सोडलं’ म्हणत नसे. ‘चिकटला’ म्हणत, आणि पेढे वाटत. लवकर निघण्याबद्दल अमेरिकेत जो नैतिक गोंधळ चालतो तो चारकोपमध्ये मी कधी पाहिला नाही, कारण पलीकडे प्रॉव्हिडंट फंड होता.

सांताक्रूझचा रिशांक देवाडिगा याच वाटेने गेला: आधी देना बँक, मग भारत पेट्रोलियम. जानेवारी 2018 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अकरा वर्षांनी वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षीच्या लिलावात यूपी योद्धाने त्याच्यावर 1 कोटी 11 लाख लावले. 2014 च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू 12 लाख 80 हजारांचा होता. चार वर्षांत भाव कुठल्या कुठे गेले. चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला यू मुंबाने 36 लाख 40 हजारांना घेतलं, पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले. नंतर खांदा दुखावला आणि एक अख्खा हंगाम जवळजवळ बाकावर गेला. रेडरच्या खांद्याची आणि गुडघ्याची हमी कुठलाच लिलाव देत नाही.

भाच्याला दिसतात ते कोटी. ताईला दिसतो तो खांदा. दोघांनाही न दिसलेली एक गोष्ट आहे: ताई ज्या नोकरीच्या ‘आधारा’च्या भरवशावर बोलते, तो आधारच खचतो आहे. देना बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया 2022 मध्ये टाटांकडे गेली. सरकारी भरतीत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा आहेत, पण त्यासाठी प्रमाणपत्रं लागतात आणि बऱ्याच पदांना पदवीही. लिलावातला सगळ्यात खालचा गट 9 लाखांपासून सुरू होतो. बावीस वर्षांच्या बीकॉमला पहिल्या नोकरीत एवढं कोण देणार आहे? तेव्हा ट्रायलला जा, असं मी त्याला सांगितलं, आणि ताईचा दोन दिवस फोन आला नाही.

तिसऱ्या दिवशी आला तेव्हा तिने नेमकं विचारलं, “दोन हंगामांनी गुडघा गेला, तर त्याला परत वर्गात घेणार कोण? तुमचे ड्यूकवाले घेतात ना?” हा प्रश्न खरा आहे, आणि माझ्या मते एवढा एकच खरा आहे. इथे आता ड्राफ्टला नाव देऊन, आपली किंमत जोखून, मुदतीत नाव मागे घेता येतं आणि पुढच्या हंगामात कॉलेजकडून खेळता येतं. याच ड्यूकच्या जे विल्यम्सने तर पदवी तीन वर्षांत उरकली आणि मग 2002 मध्ये गेला; पुढच्या जूनमध्ये मोटरसायकल आदळली, खेळ एका हंगामात संपला, पण टीव्हीवरचं दुसरं आयुष्य उभं राहिलं. आपल्याकडे नव्या शिक्षण धोरणात ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली आहे, मिळवलेले क्रेडिट सात वर्षं टिकतात. कागदावर दार उघडं आहे. मात्र 2025 चा प्रो कबड्डी हंगाम 29 ऑगस्टला सुरू होऊन 31 ऑक्टोबरला संपला, म्हणजे सेमिस्टरच्या बरोबर पोटात, आणि हजेरीची पाटी तिथेच टांगलेली आहे.

म्हणून मी ताईला म्हटलं, भाच्याशी भांडण्यापेक्षा प्राचार्यांकडे जा. सत्र सोडलं तर क्रेडिट राहतात का, परत यायचं तर अर्ज कुठला, परीक्षा कधी, हे लेखी माग. पोराने जावं की नाही ते नंतर ठरवू. ती म्हणाली, “लेखी? चारकोपहून निघून तुला फार वर्षं झाली.” तरी सोमवारी ती जाणार आहे, मंडळाच्या सरांना बरोबर घेऊन.