पुरतील का?

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याला औद्योगिक वसाहत आहे. तेथील एका कारखान्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले आमचे एक स्नेही एका सायंकाळी सपत्नीक आमच्याकडे आले. भविष्यनिर्वाह निधीचे १४ लाख रुपये नुकतेच हाती पडले होते. त्यांतील ४ लाख मुलाला मालवाहू गाडीसाठी हवे होते. ‘‘फादर, बाकीचे आमा दोघाले पुरतीन का?’’ एवढाच त्यांचा प्रश्न.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. चक्रवाढ व्याज मात्र शाळेतच सुटले. तरी लूकच्या चौदाव्या अध्यायातील बुरूज बांधणाऱ्याचे स्मरण करून कागद पुढे ओढला.

मालमत्तेत त्यांनी प्रथम घर सांगितले. घर मोलाचे खरे, पण राहत्या घरातून किराणा येत नाही. ते बाजूला ठेवले. खर्च म्हणे महिना १८ हजार. बाईंनी हळूच औषधे, लग्नातले आहेर, नाताळ आणि छपरावरची कवेलू यांची भर घातली. तेव्हा वर्षाचे २ लाख ४० हजार झाले.

आता आवक. कर्मचारी पेन्शन महिना ३ हजार. ती महागाईबरोबर वाढत नाही. तीन एकर कोरडवाहू शेताचा मक्ता वर्षाला २४ हजार. पण पावसाचा भरवसा काय? आम्ही निम्माच धरला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत साठीपूर्वीही तीत ठेव ठेवता येते. पूर्ण १४ लाख ठेवले तर व्याज १ लाख १४ हजार ८००. सारे मिळून १ लाख ६२ हजार ८००. म्हणजे पहिल्याच वर्षी ७७ हजारांची तूट! ती मुद्दलातूनच भरावयाची.

महागाई ६ टक्के धरली, व्याजदर तोच राहील असे मानले, आणि वर्षामागून वर्ष मांडीत गेलो. १४ लाख आठ वर्षे पुरतात. ४ लाख मुलाला दिले, तर सहाव्या वर्षीच हात रिकामा. माणूस चौसष्टीलाही पोहोचलेला नसतो.

गृहस्थ बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. गाडीला कर्ज मिळते, म्हातारपणाला ते कोणी देत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगितले; मुलाचा रोष पत्करण्यास आमची हरकत नव्हती. अंगात बळ आहे तोवर दोन वर्षे कुठे काम धरावे आणि पेन्शन साठीपर्यंत थांबवावी, असेही सुचविले. तशी थांबविल्यास ती वर्षाला ४ टक्क्यांनी वाढते.

उठता उठता बाई म्हणाल्या, ‘‘आनि हे नसले मंग?’’

पतीच्या पश्चात पत्नीस पेन्शन साधारण निम्मीच मिळते. ते आम्ही मांडलेच नव्हते. दुसरा कागद घेतला आणि दोघांना पुन्हा बसविले.