तीन रुग्णालये आणि एक शब्द

गेल्या मार्गशीर्षात आमचा पुतण्या मुंबईस सेंट जॉर्ज रुग्णालयात होता. त्याच्या समाचाराच्या निमित्ताने आमचा आठ दिवस तेथे मुक्काम झाला. बोरीबंदरच्या स्थानकाच्या पूर्वेस हे रुग्णालय आहे. भेटीची वेळ होईपर्यंत आवारात हिंडण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. १७६९ साली बांधलेल्या फोर्ट जॉर्जच्या जागी ही वास्तू उभी असून जुन्या तटाचा काही भाग तेथे अजून शिल्लक आहे.

ही इमारत १८९२ च्या सुमारास पुरी झाली, तेव्हा तिचे नाव 'युरोपियन जनरल हॉस्पिटल' असे होते. कोणी आत यावे व कोणी बाहेर राहावे, हे त्या नावानेच सांगून टाकले होते. खर्च सरकारी तिजोरीतला. ती तिजोरी शेतसाऱ्याने आणि मिठावरील कराने भरलेली. परंतु तो कर देणाऱ्या कुणब्यास मात्र तेथे खाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही भायखळ्यास गेलो. हिंदी लोकांची सोय व्हावी म्हणून सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपये दिले, कंपनी सरकारने त्यात भर घातली आणि १८४५ साली ते रुग्णालय व शेजारचे ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. १८५१ साली तेथून बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. म्हणजे बुद्धीची उणीव कधीच नव्हती. तरीही पुढे दीर्घ काळ अध्यापकांच्या जागा बहुधा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील गोऱ्या अधिकाऱ्यांकडे राहिल्या. त्या नोकरीची परीक्षा १८५५ पासून हिंदी लोकांस खुली होती खरी. पण ती कित्येक वर्षे लंडनास होत असे! दार उघडे, मात्र उंबरठा समुद्रापलीकडे, असा तो प्रकार होता.

तिसरे ठिकाण परळचे. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना अट घातली की, तेथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले लायक हिंदी गृहस्थच असावेत. त्याप्रमाणे कॉलेज निघाले, १९२६ साली के. ई. एम. रुग्णालय उघडले आणि डॉ. जीवराज मेहता पहिले अधिष्ठाते झाले. अपमानाचे उत्तर एका उत्तम संस्थेने दिले, हे पाहून आम्हांस धन्यता वाटली.

लेखणी येथेच ठेवली असती, तर वाचकही संतुष्ट झाले असते. परंतु 'सार्वजनिक' हा शब्द आम्हांस स्वस्थ बसू देईना. 'सर्वजन' शब्दास 'इक' प्रत्यय लागून तो सिद्ध होतो, हे आम्ही वर्गात शेकडो वेळा फळ्यावर लिहिले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात जो ठराव संमत करविला, त्याचा विषय हाच शब्द होता. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांस मोकळे असावेत, एवढेच त्यांचे मागणे. ठराव झाला, तथापि महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला. तेथे वाट अडविणारे लोक गोरे नव्हते.

आम्ही नुकतेच शिक्षक झालो होतो, तेव्हाची गोष्ट. शाळेच्या माठापाशी काही मुलांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई. शाळा अनुदानावर चालणारी. देशास स्वातंत्र्य मिळून तीन दशके लोटलेली. ते दृश्य आम्ही रोज पाहिले, आणि तास सुरू झाला म्हणून रोज पुढे गेलो. 'सार्वजनिक'ची व्युत्पत्ती त्याच तासाला शिकविली नसेल, असे खात्रीने कसे म्हणावे?

निघण्याच्या दिवशी केसपेपर काढणाऱ्यांच्या रांगेत आम्ही उभे होतो. पुढे पायास पट्टी बांधलेला एक हमाल, मागे तान्हे मूल घेतलेली बाई. सिस्टरनी हाक मारली, "आजोबा, तुम्ही वयस्कर आहात, पुढे या." आम्ही म्हटले, "नको बाई. यांचा नंबर आधी आहे."