पाटीवरचें नांव

दुकानाच्या पाटीवर एखाद्या स्त्रीचें नांव दिसलें, तर तें मालकिणीचें असेल असें आपल्या मनांत सहसा येत नाहीं. आमच्या नागपुरांत सीताबर्डीपासून महालापर्यंत चालत गेलें, तर शारदा, सरस्वती, अन्नपूर्णा अशीं कितीतरी नांवें वाचावयास मिळतात. पण आंत गल्ल्यावर बसलेली मूर्ति बहुधा मिशाळ असते. नांव देवीचें, आईचें किंवा मुलीचें, हिशेब पुरुषाचा. शोभा आणि सत्ता यांची ही वांटणी आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, एखाद्या ठिकाणीं नांव तिचें आणि कर्जहि तिचेंच असें आढळलें म्हणजे आपण गोंधळतों.

असा गोंधळ उडालेले एक गृहस्थ गेल्या हिवाळ्यांत माझ्याकडे आले होते. त्यांची कन्या माझी विद्यार्थिनी. तिनें तीन मुलांना हाताशीं धरून एक बँड काढला होता; गिटार, ड्रम आणि चेहऱ्यावर चंदेरी रंग. गाणार ती, गाणीं लिहिणार ती, आणि बँडला नांवहि तिचेंच. वडील म्हणाले, "सर, गाणं म्हणू द्या, आपली ना नाही. पण पोस्टरवर तिचं नाव काहून लावाव लागते? चौघांचा बँड आहे, तर चौघांचं काही तरी नाव ठेवा ना." गृहस्थ सुशिक्षित, मुलीला गाण्याच्या शिकवणीला त्यांनींच घातलेलें. त्यांना भीति गाण्याची नव्हती, नांवाची होती. मीं त्यांना चहा दिला आणि म्हटलें कीं, हा प्रश्न महाराष्ट्रांत नवा नाहीं. तो पूर्वींच तंबूंत राहून, ट्रकमध्यें बसून गांवोगांव हिंडून आलेला आहे. त्यांना तें पटलें कीं नाहीं कोण जाणे. निदान चहा संपेपर्यंत ते बसले. मला मात्र तेव्हांपासून विठाबाई नारायणगांवकरांची आठवण सोडीना.

मूळ तमाशांत बाई नव्हती. लुगडें नेसून, ओठ रंगवून नाच्या पोऱ्या बाईचें काम करी. आमच्या विदर्भांतील खडी गंमतींत ही रीत फार काळ टिकली. मिशी भादरलेला गडी राधा होऊन येई आणि गांव खुशाल रात्रभर त्याच्यावर लुब्ध होई. पुढें पवळा हिवरगांवकरीण उभी राहिली. तमाशाच्या बोर्डावर आलेली पहिली स्त्री म्हणून तिचें नांव घेतात. कुळकर्णीपण टाकून तमाशांत शिरलेले पठ्ठे बापूराव आणि पवळा ही जोडी अफाट गाजली. पण त्या जोडींत फड बापूरावांचा आणि पवळा ही फडाचें भूषण. बाई पुढें आली होती. पाटी अजून पुरुषाची होती.

ती पाटी विठाबाईंनीं आपल्याकडे घेतली. त्यांचें पुरें नांव चार शब्दांचें: विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर. पहिला शब्द पंढरपूरचा. १९३५ सालीं त्यांचा जन्म तेथें झाला. दुसरा बापाचा. तिसरा जातीचा, जो लपविण्याची या देशांत कांहींना घाई असते आणि मिरविण्याची कांहींना हौस. येथें तो लपविलेला नाहीं, मिरविलेलाहि नाहीं. नुसता लिहिला आहे. चौथा गांवाचा, जुन्नर तालुक्यांतील तें गांव आज तमाशाची पंढरी म्हणून ओळखलें जातें. (आमच्या विद्यार्थिनीचें नांव अखेर पोस्टरवर लागलें, पण आडनांव गाळून. तडजोडीची ही जागा वडिलांनीं अचूक हेरली.)

वाचकांपैकीं पुष्कळांनीं तमाशा पाहिला असेल तो चित्रपटांत. तेथें फड म्हणजे एक नर्तकी, एक ढोलकीवाला आणि चांदणी रात्र. प्रत्यक्ष फड हें एक हिंडतें गांव असतें. मोठ्या फडांत शंभराच्या वर माणसें: ढोलकी, हलगी, तुणतुणें वाजविणारीं, नाचणारीं, सोंगाड्या, तंबू ठोकणारीं, आचारी, ट्रकचालक. दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडायचें, चैत्र-वैशाखांतल्या जत्रा संपेपर्यंत फिरायचें आणि पावसाळ्यांत बसून खायचें. बसून खायचें म्हणजे उसनें खायचें. कलावंतांना हंगामापूर्वीं उचल द्यावी लागते. ती उचल फडाचा मालक सावकाराकडून आणतो. आणि सावकार पैसे देतो ते पाटीवरच्या नांवाकडे पाहून. गण, गवळण, लावणी, वग असा रात्रभर रंगणारा खेळ या हिशेबावर उभा असतो. एका अवकाळी पावसानें कनात भिजली कीं, त्या रात्रीचें तिकीट बुडतें, व्याज बुडत नाहीं.

विठाबाईंची एक कथा सर्वांच्या तोंडीं आहे. दिवस भरलेले असतांना त्या नाचत होत्या. कळा येऊं लागतांच कनातीमागें गेल्या, बाळंत झाल्या, दगडानें नाळ ठेंचून तोडली आणि पुन्हां बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. प्रेक्षकांना काय घडलें तें उमगलें तेव्हां त्यांनींच हात जोडून खेळ थांबवावयास लावला, असें सांगतात. ही कथा सांगतांना आपण धैर्याची थोरवी गातों, आणि तें योग्यच आहे. पण त्या परत कां आल्या, हें विचारावयाचें आपण विसरतों. तिकिटें विकलीं गेलीं होतीं. लोक ज्या नांवासाठीं आले होते तें नांव कनातीमागें होतें, आणि त्या नांवावर शंभर चुली पेटत होत्या. नुसती फडांतली नाचणारी असती, तर कदाचित् तिला त्या रात्रीं निजतां आलें असतें.

बँडवाल्या मुलीनेंच मला लंडनच्या एक्स-रे स्पेक्स या बँडचीं गाणीं ऐकविलीं. १९७६-७७ च्या सुमारास तिकडे पंक म्हणून जो कर्कश, चिडखोर आणि भडक वेषाचा गानप्रकार निघाला, त्यांतला हा बँड. अग्रभागीं मारियन एलियट-सैद ही मुलगी. बाप सोमाली, आई ब्रिटिश. दांतांना तारा, अंगावर झगझगीत प्लॅस्टिकचे कपडे आणि आवाज असा कीं, माझ्या टेबलावरचा पेला हादरावा. धंदेवाल्यांच्या नांवांची सूची चाळून तिनें स्वतःला पॉली स्टायरीन हें नांव घेतलें. बाजाराला बाईचा मुखवटाच हवा ना, मग घ्या, हा प्लॅस्टिकचा! मला ही थट्टा फार आवडली. १९७८ सालीं त्यांच्या गाण्यांचा एक संच निघाला, आणि १९७९ सालीं बँड मोडला. पुढें ती हरेकृष्ण पंथांत गेली. २०११ सालीं वारली. विठोबाच्या गांवीं जन्मलेली एक आणि कृष्णाकडे वळलेली दुसरी, हा योगायोग गंमतीचा आहे; त्यांतून अधिक अर्थ मी काढीत नाहीं. मला महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. घेतलेलें नांव उतरवून ठेवणें लंडनच्या त्या मुलीला शक्य होतें. विठाबाईंना उतरविण्यासारखें नांवच नव्हतें.

शांतारामांचा 'पिंजरा' १९७२ सालीं आला. त्यांत तमासगिरिणीच्या पायीं एका मास्तराची वाताहत होते. तेव्हांपासून आम्हां मास्तर लोकांबद्दल समाजाला जी काळजी वाटते, ती पाहून मला भरून येतें. त्याच वर्षांत किती फडांच्या मालकिणी व्याज भरण्यासाठीं दागिने मोडीत असतील, याची चौकशी कोणीं केल्याचें स्मरत नाहीं.

विठाबाईंचा १९५७ आणि १९९० सालीं राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. १५ जानेवारी २००२ रोजीं त्या वारल्या, तेव्हां रुग्णालयाचें बिल देणग्यांतून भागवावें लागलें. पुढें २००६ सालीं राज्य सरकारनें तमाशा कलावंतांसाठीं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला आणि त्याला विठाबाईंचें नांव दिलें. ज्या नांवावर सावकार व्याजानें पैसे देई, त्या नांवानें आतां सरकार बिनव्याजी पैसे देऊं लागलें, मात्र दुसऱ्यांना. तो पुरस्कार मिळालेल्यांत कांताबाई सातारकर होत्या. १९६४ सालीं तुकाराम खेडकर वारल्यावर लहान मुलांना घेऊन त्यांनीं पुढें स्वतःचा फड उभा केला आणि पुरुषांच्या भूमिकाहि गाजविल्या. नाच्या पोऱ्याची ही फेड मला मोठी न्यायाची वाटते. विठाबाईंची कन्या मंगला बनसोडे यांनींहि स्वतःच्या नांवाचा फड चालविला. लंडनच्या पॉलीच्या कन्येनें आईवरच्या चित्रपटाचें सहदिग्दर्शन केलें, तो २०२१ सालीं आला. तिला आईची कीर्ति सांभाळावयाची होती; मंगलाबाईंच्या वांट्याला कीर्तीबरोबर ट्रकहि आले.

पाडव्याच्या सुमारास नारायणगांवांत फडांच्या राहुट्या लागतात. गांवोगांवचे कारभारी जत्रेची सुपारी ठरवावयास तेथें येतात. राहुटीबाहेर फडाचा फलक असतो. त्यांतल्या कांहींवर बाईचें नांव ठळक. आंत सतरंजीवर चहा येतो, तारीख निघते, अंतर विचारलें जातें, घासाघीस होते. आणि रकमेचा आकडा लिहितांना कारभारी एकदां बाहेरच्या फलकाकडे पाहून घेतो.