जुन्या नोंदी

गेल्या महिन्यात नात चार दिवस राहायला आली होती. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. रात्री दीडला तिचा फोन वाजला आणि पहाटेपर्यंत बाईसाहेब लॅपटॉपसमोर. सकाळी चहा देताना विचारलं, "काय गं झालं?"

"लॉगनी डिस्क भरली, आजोबा. सगळं बंद पडलं."

मी मराठीचा बीए. लॉगबुक म्हटलं की मला शाळेचं कपाट आठवतं. मग तिनं समजावलं. प्रोग्रॅम आपण काय केलं ते सतत एका फाईलमध्ये लिहीत असतो. वही फुगतच जाते. म्हणून लिनक्सवर 'लॉगरोटेट' नावाची सोय आहे. ठरलेल्या दिवशी किंवा ठरलेल्या आकाराला जुनी फाईल बाजूला ठेवायची, कोरी सुरू करायची. जुन्या दाबून लहान करायच्या आणि ठरलेल्या संख्येपलीकडच्या पुसायच्या. एका फाईलसाठी ही सोय लावायचीच राहून गेली होती.

"मग दोन-चारच ठेवाव्यात की!" मी शहाणपणा केला.

"मागे पाचच ठेवल्या होत्या. एक बिघाड झाला, तीच चूक लाखदा लिहिली गेली. तिच्या रेट्यात खरं कारण सांगणारी पहिली ओळच पुसली गेली. शिवाय सर्ट-इनच्या 2022 च्या आदेशानुसार 180 दिवसांच्या नोंदी जपाव्या लागतात. म्हणून आता पुसण्याआधी दुसऱ्या मशीनवर प्रत पाठवतो."

मी गप्प झालो. हिची आजी जाऊन तीन वर्षं झाली. शेवटचे सात महिने दवाखान्यात गेले. अजून डोळे मिटले की तेच दिसतं: सलाईनची बाटली, सुजलेला हात. तीच ओळ, पुन्हा पुन्हा. तिच्या रेट्यात आधीची पंचेचाळीस वर्षं कुठे गेली? ती हसायची कशी, तेही नीट आठवेना.

"पुसलेलं परत मिळतं का गं?"

"दुसरीकडे प्रत असेल तर."

दुपारी मेहुणीला फोन केला. म्हणाली, "भावोजी, ताई हसताना आधी पदर तोंडाला लावायची आणि मग ठसका लागायचा, विसरलात?"

खरंच विसरलो होतो. फोन ठेवला आणि नवी वही काढून पहिल्या पानावर तेवढंच लिहिलं. ही वही मात्र रद्दीत जायची नाही.

असो. तुमच्याकडे कुणाची प्रत आहे, मंडळी? ज्याची आहे त्याला वेळेवर सांगून टाका.