लाल शाई आणि सायकलची घंटी

बासू चॅटर्जी यांनी दूरदर्शनसाठी केलेली ‘ब्योमकेश बक्शी’ ही मालिका १९९३ साली सुरू झाली, तेव्हा आम्ही तिघेही शाळेत होतो आणि एकमेकांना ओळखत नव्हतो. एकाचे घर मंगळवार पेठेत, एकीचे राजारामपुरीत, तिसऱ्याचे गडहिंग्लजला. आता आम्ही एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि साहित्यावर बोलताना आमचे सहसा एकमत होत नाही. या मालिकेतल्या बारीकसारीक गोष्टींवर मात्र आम्ही तासन्‌तास बोलू शकतो. या बोलण्याला निव्वळ स्मरणरंजन म्हणावे, की त्यात वाचनाचाही काही भाग आहे, हा प्रश्न आम्हाला अलीकडे पडू लागला. प्रस्तुत लेख त्या प्रश्नापोटी.

शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा हा नायक स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. (नावाचे मराठी रूप व्योमकेश असेच हवे, म्हणजे आकाश हेच ज्याचे केस असा शंकर, पण मालिकेच्या नावातला ‘ब’ आता आमच्या कानांतून जाणार नाही. असो.) रजित कपूरचा ब्योमकेश आणि के. के. रैनाचा अजित ही जोडी आमच्या पिढीला मिळण्यापूर्वी आमच्या वडीलधाऱ्यांकडे बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार होता, आणि करवीर नगर वाचन मंदिरातून घरी येणारे, भालबा केळकरांनी मराठीत आणलेले शेरलॉक होम्स होते. पुस्तकात मागचे पान उलटून पाहता येते. दूरदर्शनवर तसे काही नव्हते. भाग एकदाच दिसायचा आणि निसटलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी शाळेच्या रस्त्यावर इतरांच्या आठवणींतून गोळा करावी लागायची. एकजण सांगायचा की तो माणूस आत आला तेव्हा त्याच्या हातात छत्री होती, दुसरा सांगायचा की नव्हती, आणि निकाल लावायला कोणताच पुरावा उरलेला नसायचा.

‘मकडी का रस’ या भागाविषयी आमच्यात अजूनही वाद चालतो. ज्या कथेवर तो आहे तिचे सूत्र असे : नंददुलालबाबू नावाचा एक अंथरुणाला खिळलेला, तिरसट म्हातारा दिवसभर अश्लील गोष्टी लिहीत बसतो. त्याला कोळ्याच्या विषारी रसाची नशा करण्याचे व्यसन आहे. घरच्यांनी कडेकोट पहारा ठेवला आहे, तरीही रस त्याच्यापर्यंत पोहोचतोच. कसा, ते कोणालाच कळत नाही. ब्योमकेश दुसऱ्या कामात गुंतलेला असल्यामुळे तो स्वतः जात नाही, अजितला पाठवतो. अजित जे पाहिले ते येऊन सांगतो, आणि त्या सांगण्यावरून ब्योमकेश घरबसल्या उलगडा करतो. म्हातारा लाल आणि काळ्या अशा दोन शायांत लिहितो. लिहिता लिहिता लेखणीचे टोक तोंडात घालण्याची त्याला सवय आहे, आणि रस आहे तो लाल शाईत.

साहित्याच्या अध्यापकाला याहून सोयीची कथा मिळणार नाही. अजितने तपशील पाहिला, लक्षात ठेवला आणि बिनचूक सांगितलाही. त्याची किंमत तेवढी त्याला कळली नाही. का कळली नाही, हे पाहण्यासारखे आहे. अजित स्वतः लेखक आहे. त्या म्हाताऱ्याच्या लेखनाची त्याला किळस येते, आणि ही किळस त्याच्या नजरेच्या आड येते. तो मजकुराकडे बघतो, शाईकडे बघत नाही. वाचकही अजितबरोबरच नाक मुरडतो आणि शाईवरून पुढे निघून जातो. पुरावा लपवण्याची ही रीत आम्हाला कुलूपबंद खोल्या आणि भुयारे यांच्यापेक्षा कितीतरी वरच्या दर्जाची वाटते. इथे सगळे डोळ्यांसमोर मांडलेले आहे, आणि आपल्या सदभिरुचीनेच आपल्याला आंधळे केलेले आहे.

पण गडहिंग्लजच्या घरी टीव्ही कृष्णधवल होता. तिथे लाल शाई आणि काळी शाई एकाच रंगाच्या होत्या. तो भाग पाहणाऱ्या मुलाला पुरावा दाखवलाच गेला नव्हता. उलगडा झाला तेव्हा राजारामपुरीतल्या मुलीला ‘अरेच्चा, हे तर आपण पाहिले होते’ असे वाटले असेल. त्याला काही आठवायचेच नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली तेव्हा त्याने ती प्रथमच रंगीत पाहिली आणि फोन करून आम्हाला म्हणाला, “सत्तावीस वर्षं मला वाटत होतं की ब्योमकेश फसवतोय.” त्यावरून आमचे जे भांडण झाले ते मिटलेले नाही. लेखकाने वाचकासमोर सगळा पुरावा ठेवावा असा रहस्यकथेचा एक अलिखित करार मानला जातो. पण पुरावा ठेवला आणि वाचकाच्या यंत्रात, भाषेत किंवा अनुभवात तो उमटलाच नाही, तर करार पाळला गेला की मोडला? हा प्रश्न मालिकेपुरता नाही. आमच्या वर्गात मर्ढेकरांची मुंबई वाचणाऱ्या अनेक मुलांनी लोकलगाडी डोळ्यांनी पाहिलेली नसते.

तपशिलांचा हा खेळ जगात नवा नाही. कॉनन डॉइलने १८८७ च्या पहिल्या कादंबरीत डॉक्टर वॉटसनला खांद्यात गोळी लागल्याचे लिहिले आणि १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत ती जखम पायात नेली. एका कथेत तर वॉटसनची बायको जॉन या आपल्या नवऱ्याला जेम्स म्हणते. लेखक विसरला, एवढेच म्हणून हे सोडून देता आले असते. रोनाल्ड नॉक्सने १९११ साली धर्मग्रंथांच्या चिकित्सेची सारी हत्यारे या कथांवर मिस्किलपणे चालवली, आणि तेव्हापासून होम्सचे चाहते असल्या विसंगतींना चुका म्हणत नाहीत, कोडी म्हणतात. डोरोथी सेयर्सने सुचवले की वॉटसनच्या नावातला मधला ‘एच’ हा हॅमिशचा असणार, आणि हॅमिश म्हणजे स्कॉटिश जेम्सच. बीबीसीच्या २०१० च्या ‘शेरलॉक’ मालिकेने जखमेचे कोडेही सोडवले : वॉटसनला गोळी खांद्यातच लागलेली आहे, पायाचे लंगडणे मानसिक आहे. चाहत्यांच्या एका जुन्या तंट्यातून पात्राचा स्वभाव घडला. हे आम्हाला फार आवडते.

आणि आपल्याकडे? लीळाचरित्र उघडावे. म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसांकडे जाऊन गोळा केल्या, आणि परंपरेने त्यांतले मतभेद पुसून टाकले नाहीत. एखादी लीळा कोणाला वेगळी आठवत असेल तर ‘वासना’ म्हणून तो वेगळा पाठ नोंदला. स्थानपोथीत तर स्वामी कुठे बसले, कोणत्या दिशेला तोंड करून बसले, इथपर्यंतची टिपणे आहेत. छत्री होती की नव्हती यावर शाळेच्या वाटेवर भांडणारी पोरे आणि हे भक्त यांच्यात श्रद्धेचे अंतर जमीन-अस्मानाचे आहे, हे आम्ही जाणून आहोत. पद्धतीचे अंतर मात्र आम्हाला तेवढे वाटत नाही. प्रिय गोष्टीतले काहीच क्षुल्लक नसते, असे दोघेही धरून चालतात.

आमच्यातल्या बाईंचे म्हणणे असे की असे धरून चालणे हेच धोक्याचे आहे, कारण त्यामुळे लेखकाची चूक दिसेनाशी होते. त्यांच्या आईचे त्या काळी सगळे लक्ष सत्यवतीकडे असे. सत्यवतीचे काम सुकन्या कुलकर्णी यांनी केले होते, आणि आपली मराठी मुलगी बंगाली बायकोचा पदर कसा सांभाळते याची ती माउली दर भागाला परीक्षा घेत असे. खुनी कोण, याचे तिला सोयरसुतक नव्हते. बाई विचारतात, हेही तपशीलवाचनच, मग याला वाचन म्हणायचे का? आम्ही दोघे म्हणतो, अवश्य म्हणायचे. त्या म्हणतात, मग परीक्षेत याला गुण किती देणार?

लोकप्रिय साहित्यावर बोलताना आम्ही वर्गात ‘रास्ते का काँटा’ दाखवतो. कलकत्त्याच्या रस्त्यावर भर गर्दीत माणसे मरून पडतात, छातीत ग्रामोफोनची पिन रुतलेली सापडते, आणि आवाज कोणीच ऐकलेला नसतो. खरे तर आवाज सगळ्यांनीच ऐकलेला असतो, कारण पिन सुटते ती सायकलच्या घंटीतून. चेस्टरटनच्या १९११ च्या एका कथेत कोणाच्याही नजरेला न दिसलेला माणूस शेवटी पोस्टमन निघतो. तीच युक्ती इथे कानांवर चालवली आहे. आमच्या लहानपणी कोल्हापुरात सायकली इतक्या होत्या की घंटीला आवाज म्हणून कोणी मोजतच नसे. आजच्या मुलांचे तसे नाही. त्यांच्या कानांना घंटी वेगळी जाणवते. म्हणूनच असेल, पण यंदा मागच्या बाकावरचा एक मुलगा मध्येच म्हणाला, “सर, घंटी वाजतीय आन्‌ मग माणूस पडतोय, बघा की.” ‘सीआयडी’च्या शेकडो भागांवर वाढलेली ही मुले, घाईघाईत लावलेला तर्क त्यांना चालत नाही.

कवितेतल्या एका शब्दावर थांबलो की “एवढं बारीक परीक्षेला येतं का?” असे विचारणारा हाच वर्ग. घंटीच्या बाबतीत तसे कोणी विचारले नाही, कारण ती तिथे कोणीतरी हेतुपूर्वक ठेवली आहे याची त्यांना खात्री होती. तयार नोट्स आणि गाइडे मुलांकडून नेमकी हीच खात्री काढून घेतात. कवितेचा आशय चार ओळींत हाती आल्यावर तिच्यातला शब्द कोणी कशाला तपासावा?

पुढच्या तासाला एक विद्यार्थिनी गंगावेशीतल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातून खरोखरच एक घंटी घेऊन आली. स्टाफरूमच्या टेबलावर आम्ही तिची वाटी उघडली. आत दाते असलेली चाके, एक बारीक स्प्रिंग आणि अंगठ्याने दाबायची दांडी. पिन बसवायची कुठे? ती सुटणार त्या बाजूला वाट हवी, आणि स्प्रिंग तर दांडी मागे आणण्यापुरतीच दमदार. आमच्यातले एकजण म्हणाले, लेखकाने घंटी उघडून पाहिलेली नसणार आणि त्याचे काही अडतही नाही. मुलीला ते पटले नाही. तिचे म्हणणे असे की ही घंटी आजची आहे, कथा १९३२ ची. तेव्हाची वाटी मोठी असेल, आत जागा असेल. जुनी घंटी मिळेपर्यंत आम्ही कोणीही काही ठरवू नये, असे सांगून ती गेली. सध्या ती तिच्या गावातल्या आजोबांच्या वयाच्या लोकांच्या सायकली पाहत हिंडते आहे.