भेगाळलेल्या जमिनीचा फोटो

उन्हाळा जवळ आला की बर्लिनच्या भुयारी रेल्वेत काळ्या, चपट्या, कमरेइतक्या उंच फायली दिसू लागतात. अठरा-वीस वर्षांची पोरं त्या पोटाशी धरून उभी असतात आणि गर्दीत आधी फाइल सांभाळतात, मग स्वतःला. हार्डेनबर्गस्ट्रासेवरच्या कला विद्यापीठाकडं त्यांतली बरीच जण निघालेली असतात. या फायलीला इथं माप्पे म्हणतात. चित्रकला, फिल्म, माध्यमकला, काहीही शिकायचं असो, मार्कांच्या आधी माप्पे बघतात. आता पुष्कळ ठिकाणी पीडीएफ आणि व्हिडिओच्या लिंका चालतात. मागणी मात्र तीच: पंधरा-वीस कामं दाखवा, आणि ती तुमचीच असल्याची सही करा.

यंदा अशी एक फाइल आमच्या घरात तयार झाली, तीही हिंगोली जिल्ह्यात, वसमतला. माझी भाची नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र शिकली. पुढं जर्मनीत माध्यमकलेच्या मास्टर्सला अर्ज करायचा, असं तिनं ठरवलं. मामा बर्लिनला राहतो म्हणजे त्याला सगळं ठाऊक असणार, हे आमच्याकडं गृहीतच असतं. मी इथं एका कंपनीच्या गोदामाचे हिशेब ठेवतो. पण माझी शेजारीण एका कलाशाळेत शिकवते, त्यामुळं मामाची इभ्रत वाचली.

इथल्या मुलांना किती हात लागतात, हे शेजारणीकडूनच कळलं. माप्पे कशी करायची याचे खासगी वर्ग असतात आणि महिन्याला काही शे युरो मोजून आईबाप मुलांना तिथं घालतात. परवडत नसेल तर सरकारी मदतीवर चालणारी लोकशिक्षणाची केंद्रं स्वस्तात शिकवतात. विद्यापीठंही अर्जाआधी एक दिवस ठेवतात. अर्धवट फाइल घेऊन जायचं आणि प्राध्यापकांना विचारायचं, बघा हो, जमतंय का. जुलैत बर्लिनच्या कला विद्यापीठाची सगळी दारं रुंडगांगसाठी उघडतात, वायमारच्या बाउहाउस विद्यापीठाचा सुमेरी नावाचा उत्सवही तेव्हाच. कुणीही आत शिरावं, विद्यार्थ्यांनी वर्षभर केलेलं पाहावं, त्यांना प्रश्न विचारावेत. बर्लिनचं पोर बारावीला येईतो हे तीन-चारदा पाहून बसलेलं असतं. वसमतच्या पोरीकडं फोन होता, आणि रेंज आली तर मामा.

तिनं पाठवलेली पहिली फाइल उघडली. सुरुवातीची सहा पानं प्रमाणपत्रांची: वक्तृत्व, रांगोळी, तालुकास्तरीय निबंध, सगळी लॅमिनेट करून मग स्कॅन केलेली. त्यानंतर फोटो. सुरकुतलेली आजी, मावळतीसमोर बैलजोडी, पाटी घेतलेलं अनवाणी पोरगं आणि पानभर भेगाळलेली जमीन. सोबतच्या पत्रात पहिलंच वाक्य होतं की मी एका दुष्काळग्रस्त, मागास जिल्ह्यातून आले आहे.

आता वसमत म्हणजे सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी पिणारा तालुका. ऊस, केळी, हळद. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मी विचारलं, "ही जमीन कुठली गं?"

"मामा, ते गावतळं हाय. मे महिन्यातलं."

"आणि ही आजी?"

"आपल्या गल्लीतलीच की. तिला म्हणलं हसू नको."

तिनं खोटं काही केलं नव्हतं. तळं मे महिन्यात आटतंच. पण परदेशातल्या परीक्षकांना आपल्याकडचं काय बघायला आवडत असेल, याचा तिनं अंदाज बांधला होता. ती भेगाळलेली जमीन इथल्या परीक्षकांनी दर वर्षी पाहिलेली असते, कधी आफ्रिकेतली, कधी आपल्याकडची. शेजारणीनं फाइल चाळली आणि एकच विचारलं, "यात ही मुलगी कुठे आहे?"

भाचीला मी हे सांगितलं, तर ती उसळली. "मग मंजुळेंनी काय दाखवलंय? गरिबीच ना?" मुद्दा बिनतोड होता. नागराज मंजुळेंनी 'पिस्तुल्या' केला तो नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकत असताना, आणि त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी म्हटलं, "पिस्तुल्याला शाळेत जायचंय. त्याला काहीतरी हवंय, म्हणून आपण त्याच्या मागं जातो. तुझ्या आजीला काय हवंय?"

ती जरा थांबून म्हणाली, "ती चहा मागायलती."

"मग तो फोटो कुठं गेला?"

तो फोटो तिनं काढलाच नव्हता.

आपल्याकडची सिनेमाच्या धंद्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात बारकी फाइल दादासाहेब फाळक्यांची म्हणावी लागेल. गडी जे. जे.मध्ये शिकलेला, बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, छपाईचं तंत्र बघायला १९०९ साली जर्मनीलाही येऊन गेलेला. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतले, पण चित्रपटाला पैसा कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि दिवसेंदिवस थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर बी फुटलं, कोंब आला, बघता बघता वेल चढला. ते पाहून यशवंत नाडकर्णी यांनी पैसे दिले, आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. त्याच १९१२ साली बर्लिनला खेटून असलेल्या बाबेल्सबर्गच्या काचेच्या स्टुडिओत पहिल्या चित्रपटाचं शूटिंग सुरू झालं होतं. फाळक्यांचं काम कुंडीवर भागलं. पैसेवाल्याला त्यांनी ना देव दाखवला ना देशाची दैना. त्या वाटाण्यातून दोन गोष्टी कळत होत्या: या माणसाला यंत्र चालवता येतं, आणि एका जागी बसून बघत राहण्याइतका दम याच्यात आहे. परीक्षक आजही या दोनच गोष्टी शोधतात. तुमचं गाव कुठलं, हे त्यांना अर्जावरच कळतं.

भाचीनं मग फोनमधलं जुनं सगळं उपसलं. त्यात हळद शिजवतानाचे व्हिडिओ होते, "नुसतेच काढलेले". रात्री शेतात कुकर लावलेला, ड्रममधून वाफ उसळतेय, आणि एक बाई शिजलेल्या गड्ड्यात काडी टोचून बघतेय. काडी अलगद आत गेली की हळद उतरवायची. "हे कोण बघतंय मामा, आमच्याकडं रोजचंच हाय," असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, रोजचं आहे म्हणूनच तुला त्यातलं जे दिसतं ते बाहेरच्याला दिसणार नाही. एकच माल धर आणि त्याच्या मागं मोंढ्यापर्यंत जा.

ती गेली. शिजवणं, खळ्यावर वाळवणं, ढोलात घालून पॉलिश करणं, सगळं झालं. मोंढ्यात तिला जे सापडलं, ते मी वसमतला वाढूनही कधी ध्यानात घेतलं नव्हतं. बीट सुरू झालं की खरेदीदार ढिगातलं एक हळकुंड उचलतो आणि कानाजवळ नेऊन मोडतो. चांगलं वाळलेलं असेल तर खणकन वाजतं. ओल राहिली असेल तर आवाज बसका येतो. मग मोडल्या जागचा रंग बघायचा आणि भाव बोलायचा. भाचीनं पडदा काळा ठेवला. मोडल्याचा आवाज, मग बोललेला भाव. पुढचा ढीग, पुन्हा आवाज, पुन्हा भाव. चार-पाच ढिगांनंतर बघणारा स्वतःच मनात भाव लावू लागतो. शेवटी पडदा उजळतो आणि नुसती बोटं दिसतात, पिवळी. शेजारणीनं ते दोनदा ऐकलं आणि दुसऱ्या खेपेला डोळे मिटून.

फाइल नव्यानं लागली. सुरुवातीला हळदीचा आवाज, कारण पहिल्या दोन-तीन कामांत लक्ष बसलं नाही तर पुढचं चाळलंच जातं. प्रत्येक कामाखाली एक ओळ: काय, केव्हा, कशावर केलं, किती मिनिटांचं. फोनवर केलं तर फोनवर असंच लिहायचं. चौघांनी मिळून केलेल्या कामात आपला वाटा कोणता, तेही सांगायचं. फसलेले प्रयत्न, वहीतल्या आकृत्या यांना दोन पानं, कारण मुलाखतीत प्रश्न तिथूनच निघतात. प्रमाणपत्रं गेली, मावळती गेली, पत्रातला मागास जिल्हा गेला. आजी राहिली, चहाचा कप घेतलेली आणि फोटोवालीवर वैतागलेली.

बाकीचं कागदपत्रांचं काम कुणालाही करता येण्यासारखं, पण वेळ खाणारं. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएसचा, म्हणजे पदव्या खऱ्या असल्याचा, दाखला लागतो, तो आधीच काढून ठेवावा. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात भरलेले दाखवावे लागतात. दाजींनी हा आकडा ऐकला आणि तोंडातल्या तोंडात त्याचे क्विंटल केले. मग म्हणाले, "एवढं घालून पोरीला नोकरी लागंल का, तेवढं सांग." मी खात्री दिली नाही. या शिक्षणाची खात्री इथले आईबापही देत नाहीत.

अर्ज गेला आहे, उत्तर यायचं आहे. तोवर व्हिडिओ मोंढ्यातल्या हमालांनी पाहिला. त्यांची तक्रार एकच, आवाज आमच्या ढिगांचा आणि खाली नाव एकट्या पोरीचं. भाचीनं यादी केली. ती इतकी लांबली की मूळ व्हिडिओपेक्षा नावांनाच जास्त वेळ लागू लागला. तिनं घाबरून विचारलं, "मामा, नियमात बसंल का हे?" मी नियम पुन्हा वाचले. कामं किती असावीत त्याला मर्यादा आहे, नावं किती असावीत त्याला नाही.